उल्व्हर्स्टन, दोन हजार फुटांवरून

रात्री साडेअकराला मी मोरकॅम्बच्या खाडीला
टाके घालत बसतो.
डावीकडचा फोटो भरतीचा, उजवीकडचा ओहोटीचा.
मधोमध पाणी सुरीनं कापल्यासारखं थांबतं
आणि लेव्हनवरचा रेल्वेपूल
अर्धा ओला, अर्धा कोरडा
पलीकडे जातो.

शलाका वरून विचारते,
"किती इंग्लंड राहिलंय अजून?"
"गावापुरतंच," मी म्हणतो.
तेवीस वर्षं झाली.
गाव काही उरकत नाही.

काम तसं साधंच.
कुणीतरी जूनमध्ये विमानातून काढलेले फोटो,
त्यांचे चौकोन चढउतारांवर अंथरायचे.
एक निळसर निघतो, शेजारचा काविळीसारखा पिवळा;
दोघांचा रंग जुळवायचा,
पत्रिका जुळवण्याइतकंच बेभरवशाचं ते.
ढग पुसायचे.
हमरस्त्यावर कायमच्या अडकलेल्या गाड्या पुसायच्या.
एक लाल व्हॅन मी ठेवली.
का, ते मलाही सांगता येणार नाही.

उंचावरून सगळं खरं वाटतं.
पण उतरायला नाक खाली केलं
की झाडं म्हणजे सांडलेली पालेभाजी,
छपरं रस्त्याला चिकटलेली,
आणि होडच्या टेकडीवरचा तो मनोरा,
दीपगृहासारखा, पण जहाजांच्या काही कामाचा नाही,
आडवा.
कुणाच्या खिशातून पडलेला खडू.

म्हणून मनोरे उभे करावे लागतात,
झाडं हातानं लावावी लागतात,
एकेकाची जात, एकेकाची उंची.
वरून ओक काय, सिकमोर काय, सगळे हिरवे ठिपके.
तेव्हा शनिवारी वही घेतली, बूट घातले
आणि ज्या रस्त्यांवरून इतकी वर्षं
फक्त गाडी नेली होती, त्यांवरून चालत निघालो.

आयव्ही पॉसलथ्वेट फाटकाशी उभी होती,
हातात बादली, पायाशी म्हातारं कुत्रं.
"कौन्सिलकडून आलात?"
"नाही. तुमची झाडं मोजतोय. विमानासाठी."
तिनं आधी आकाशाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ.

समजावून सांगितलं. तिला ते चटकन कळलं,
शलाकाला कळलं होतं त्याहून लवकर.
माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाली,
"हा अ‍ॅश नाही आता. फेब्रुवारीत पाडला.
शेंड्यापासून वाळत आला होता."
मी म्हटलं, फोटोत आहे अजून. हवा तर ठेवतो.
"नाही ना तो? मग नाही."
बादली उचलली. दोन पावलं गेली, वळली.
"आणि उतरायचंच असेल कधी,
तर तिथं उतरा. जागा मोकळी झालीय."

रात्री झाड काढलं.
शेजारचं गवत उचलून त्यावर पसरलं,
चार मिनिटांचं काम.
मग दिसली सावली.
जूनमधल्या सकाळी दहाची, पश्चिमेला लांब,
दगडी बांध ओलांडून गेलेली,
आणि तिच्या आत अंग टाकून बसलेल्या
तीन मेंढ्या.

सावली पुसायची तर मेंढ्याही जाणार,
किंवा त्यांना उन्हात ठेवायचं.
मी पडद्याकडे बघत बसलो. चहावर साय धरली.

रविवारी शलाकाला शेजारच्या खुर्चीत बसवलं.
संध्याकाळची वेळ लावली, वारा कमी ठेवला.
वॉल्नीवरून निघालो, डावा पंख किंचित खाली.
मी लावलेल्या झाडांच्या सावल्या
सगळ्या पूर्वेला धावत होत्या.
"ती एक उलटी का पडलीय?" तिनं विचारलं.
"आणि झाड कुठंय तिचं?"

मी उत्तर देईपर्यंत आम्ही पुढे गेलो होतो.
खाली आयव्हीच्या रानात
मेंढ्यांच्या अजून दहाच वाजले होते.