टिक

दुपारी अडीचला तातू बुवा मिक्सर घेऊन आले,
पोत्यात घालून, खांद्यावर, फणस आणावा तसा.
"पेटणा नाय," म्हणाले. "आणि रातीक वेळागरात बारी आसा."

मी प्लग लावला.
हिरवा दिवा लुकलुकला, विझला,
पुन्हा लुकलुकला.
आतून आवाज: टिक.
मग एका श्वासाएवढी गप्प जागा.
टिक.

"मेला नाही हा," मी म्हटलं,
"उठायला बघतोय."

शिरोड्यात मीठ फक्त आगरात नसतं.
वाऱ्यातून दुकानात येतं, स्क्रूच्या खाचेत बसतं.
झाकणाचे आठ स्क्रू काढायला पाऊण तास गेला
आणि होडीवाल्याकडून आणलेलं वाटीभर डिझेल.
आत एक वाळलेली पाल, मुंग्यांची माती,
कुठल्याशा गणपतीतला गुलाल.

आधी मोठा कपॅसिटर.
प्लग काढला तरी त्यात तीनशे व्होल्ट बसून असतात,
दार लावून घेतलेल्या माणसाच्या रागासारखे.
माझ्या डाव्या अंगठ्यावर एक पांढरा ठिपका आहे,
सत्त्याण्णव सालचा.
तेव्हापासून मी आधी रेझिस्टर टेकवतो
आणि मीटर शून्यावर येईपर्यंत कुणाशी बोलत नाही.
बुवांनी दोनदा विचारलं, "काय झाला तेका?"
बोललो नाही.

मग सिरीजमध्ये शंभराचा बल्ब.
भगभगीत पेटून राहिला असता तर आत शॉर्ट.
तो एकदा चमकला आणि मंदावला.
बरं.
डायोड तपासले: एकीकडून वाट, दुसरीकडून भिंत,
असावेत तसे.
पुढचा सगळा पसारा, फेडर, इको, आठ चॅनल,
वायर काढून वेगळा केला.
ओझं उतरलं तरी टिक.
म्हणजे दोष ओझ्यात नव्हता.
(संसारात हे कळायला मला अकरा वर्षं लागली,
इथे दोन मिनिटं.)

"बघा बुवा, ही चिप.
हिला उठायला थोडी उसनवारी लागते.
हा रेझिस्टर थेंब थेंब आणतो,
हा छोटा कपॅसिटर साठवतो.
साठलं की ती उठते,
आणि ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं तिला पोसायला लागेपर्यंत
तेवढ्याच पुंजीवर निभवायचं."
"आणि पुंजी सरली तर?"
"तर टिक."

बुवा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "पयल्या बारीक पकवाजवाल्याचे पैसे
माका उसनेच घेवचे लागले."
"फेडले?"
ते टोपीने वारा घेत राहिले.

हीटसिंकला टेकून होता तो, शेंगदाण्याएवढा.
अंगावर लिहिलेलं सत्तेचाळीस मायक्रोफॅरड,
मीटर म्हणाला तीन.
फुगला नव्हता, गळला नव्हता.
शेकत शेकत आतून सुकला
आणि बाहेरून आब राखून उभा.

दुकानात होता तो पंच्याऐंशी डिग्रीवाला.
त्या शेजारात टिकला नसता.
एकशेपाचवाला जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या पोटातून उपटला,
मोजला: सेहेचाळीस. चालेल.
बोर्डावरचं तांबं हिरवं पडलं होतं.
पात्याने खरवडलं, मग कथील धरलं.

बल्ब चमकला, मंदावला.
हिरवा दिवा लागला.
मी वाट बघितली. बुवांनीही.
पंधरा. उणे पंधरा. काटा हलेना.
पसारा जोडला, आणि स्पीकरमध्ये खरखर आली,
सुरूच्या झाडांतून वारा जातो तेवढीच.

बुवा माइकवर हॅलो म्हणाले नाहीत.
थेट षड्ज लावला, लांब,
आणि समोर कार्मेलीनने इसवणावरची सुरी थांबवली.
पैसे बारीनंतर, म्हणाले.
मी पोतं झटकून दिलं.

रात्री वारा फिरला तसा गजर दुकानापर्यंत आला.
मैदानात लोक चाल ऐकत असतील,
समोरच्या बुवाला दिलेलं उत्तर, कोण वरचढ ते.
मी अंथरुणावर पडून
दोन ओळींच्या मधली जागा ऐकत होतो.
तिथे काही नव्हतं.
साडेतीनपर्यंत तिथे काहीच नव्हतं.