पंपघरापाशी बिस्किटांचा डबा

तीन वाजता निघते. चारनंतर इथं उजेड
गिऱ्हाइकाचं तोंडही न बघता दुकान बंद करतो.
हातमोज्यांवर हातमोजे, कानांवरून टोपी,
साखळी काल तेल मागत होती, आज गप्प.
हिल्ट्येच्या गोठ्याशी गाव सरतं,
मग नुसतं सपाट, इतकं सपाट
की तीन गावांपलीकडचं चर्चचं टोक
विचारतं, कुठं गं चाललीस?

कुठंच नाही. बांधावरून पंपघरापर्यंत
आणि परत. साडेअकरा किलोमीटर.
फ्रीसलंडातला वारा जाताना समोरून,
येतानाही समोरून.

पंपघराच्या बाकाखाली पत्र्याचा डबा आहे.
आत शाळेची वही, दोरीला बांधलेली पेन्सिल.
पेन इथं डिसेंबरातच मुकं होतं.
पहिल्या पानावर, ठसठशीत:
"रस्ता घसरडा. तिसऱ्या खांबापाशी जपून."
मी खाली लिहिलं: "जपले. तरी पडले. निंके."
दुसऱ्या दिवशी: "मीही तिथंच. उजवा गुडघा?"
डावा होता.
असं सुरू झालं.

सकाळचं माणूस. बाई की बाप्या, ठाऊक नाही.
मी पोचते तेव्हा ते केव्हाच घरी
सूप पीत असणार.
ते लिहितं: "रानहंस. सहाशे. मोजणी दोनदा चुकली."
मी लिहिते: "आता नुसती शिटं,
माझ्या चाकावर सहाशेंची सही."
ते: "धुकं. दिवा लावून आपलंच चाक दिसलं."
मी: "दुपारी उठलं. तुमच्या वाट्याचं मी पाहून घेतलं:
बीटचे ढीग, त्यावर एक राखी बगळा,
शेत विकत घेतल्यासारखा उभा."

घरी डूवे विचारतो, काय पाहिलंस?
मी म्हणते, काय असणार.
वहीत मात्र पान भरतं.

जानेवारीत तीन दिवस बर्फाळ पावसाचे.
चौथ्या दिवशी गेले. वहीत एकच ओळ:
"आज काही नाही."
पेन्सिल नीट टेकलीसुद्धा नव्हती.
इकडे तिकडे पाहिलं. खरंच काही नव्हतं.
लव्हाळे, राखाडी पाणी, पंपाची घरघर.
मग लिहिलं:
"स्लुसच्या दाराशी पाणमांजर. ओलं.
माझ्याकडे बघून तोंड पुसलं."
धडधडीत खोटं.
तोंड पुसल्याचं कुठून सुचलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी डबा उघडते तर:
"मलाही दिसलं. दोन होती."

एवढ्या मोठ्यानं हसले
की बांधावरच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या.
मग अर्ध्या वाटेवर मनात आलं,
आणि खरंच असली तर?

तेव्हापासून स्लुसपाशी उतरते.
सायकल कठड्याला टेकवून उभी राहते,
आधी तीन मिनिटं, मग पाच, मग
पायाची बोटं आहेत की नाहीत कळेनासं होईपर्यंत.
इतकी वर्षं या पाण्यावरून गेले,
ते कडेला असं बारीक कुरकुरत गोठतं
हे कधी ऐकलं नव्हतं.

एकदा बर्फावर अर्धा खाल्लेला मासा होता.
मांजराचाही असेल. साध्या.

आज रात्रीचं भुरभुर हिम पडलेलं होतं, कोरं.
कठड्यापाशी माझ्याआधी एक सायकल टेकून गेली होती.
चाकाची एक रेघ, आणि बुटांचे ठसे,
माझ्याहून मोठे, पाण्याकडे तोंड केलेले.
जागच्या जागी तुडवून तुडवून
तिथलं हिम पार काळं झालेलं.
बराच वेळ उभं होतं कुणीतरी.

मी त्या ठशांच्या शेजारी उभी राहिले.
काही आलं नाही.
डब्यात पेन्सिल चाकूनं ताजी तासलेली,
वहीत आजची तारीख, पुढं काहीच नाही.
मी लिहिलं: "मीही.
पावणेपाचपर्यंत दिसत होतं आज."