खरं

आमच्याकडं 'पण' म्हणत नाहीत.
'खरं' म्हणतात.
जायचं होतं, खरं बस चुकली.
भात झालाय, खरं आमटी व्हायची आहे.
पुण्याच्या मावसबहिणीला वाटायचं
मी प्रत्येक वाक्याच्या मधोमध
शपथ घेते.

खानापूरच्या बीईओ ऑफिसात
हिरेमठ क्लार्कनं माझी फाईल चाळली.
डी.एड., टीईटी, अतिथी शिक्षिका चार वर्षं,
कन्नड लिहिता-वाचता येतं.
आणि स्वच्छ मराठीत म्हणाले,
"बाई, कागद सगळे बरोबर आहेत, खरं..."
मग पंख्याकडं बघत राहिले.

पंखा बंद होता.

चार वर्षं मी कारलवाडीच्या शाळेत होते.
एक खोली, एक फळा,
फळ्यावर मधोमध खडूची रेघ,
डावीकडं दुसरीची वजाबाकी, उजवीकडं चौथीच्या नद्या.
पट अकरा.
मग परशा तळवारचा बाप उद्यमबागेत फौंड्रीत लागला,
परशा गेला, त्याची बहीण गेली,
नऊ उरले.
नवांना एक बाई परवडत नाही
असं वर कुठंतरी ठरलं.

मार्चमध्ये पत्र आलं, कन्नडमध्ये.
घाडी गुरुजींनी माझ्याच हातात दिलं,
शाळेत ते वाचायला येणारी मीच.
मी मोठ्यानं वाचत गेले
आणि तिसऱ्या ओळीत माझंच नाव आलं.
थांबले नाही.
वाचताना मध्येच थांबू नये,
हे मीच शिकवलेलं पोरांना.

जूनपासून निळी बटणाची फाईल घेऊन फिरतेय.
टिळकवाडीत विचारलं,
सकाळच्या व्हॅनमध्ये मुलांसोबत बसाल का?
शिकवायचं नाही. नुसतं बसायचं.
शहापुरात सेक्रेटरी म्हणाले,
हातात सहा, सही बारावर.
नंदगडच्या काजू कारखान्यात हजेरी लिहायला माणूस हवा होता,
अक्षर चांगलं पाहिजे म्हणे.
अक्षर माझं चांगलं आहे.
आई म्हणते, शिकवणी घे.
गल्लीत सात घरं.
पाच घरांत शिकवणी चालते.

काल निपाणीहून फोन.
विनाअनुदानित मराठी शाळा, गणित-विज्ञान,
सोमवारपासून या, सात हजार.
आधीच्या बाई नऊ घेत होत्या,
संस्थेला झेपेना.
कोण होत्या त्या, विचारलं. उगाच.
"शैलजा खोत."

शैली.
डी.एड.ला माझ्या शेजारच्या बाकावर.
पहिल्या सराव पाठाला माझा आवाज फुटेना,
तेव्हा मागून तिनंच हात वर करून
मुद्दाम सोपा प्रश्न विचारला होता.
पचनसंस्थेचा तक्ता तिचा,
आतडं तिनं जांभळं रंगवलेलं,
कारण गुलाबी खडू मी संपवला होता.

रात्री फोन केला.
तिच्याकडं कुकर चढलेला, पोरगं किरकिरत होतं.
सगळं सांगितलं. सातसुद्धा सांगितले.
ती गप्प.
मग एकदम, डबा भरताना बोलतात तसं भराभरा,
"घे की गे. तू नाही घेतलीस तर कोण तरी घेणारच.
विज्ञानाच्या कपाटाची किल्ली मारुतीमामांकडं असते.
मधला कप्पा अडकतो, जरा उचलून ओढ.
आणि सातवीत तो अल्ताफ मुजावर,
त्याला फळा दिसत नाही,
सांगायला लाजतो.
विचारू नको, नुसता पुढं बसव.
माझा तक्ता भिंतीवरच आहे, असू दे तिथंच.
खरं..."

कुकरची शिट्टी झाली.
आणखी एक.

"खरं?" मी विचारलं.

"खरं," ती म्हणाली.