अकरा सेकंदं पाठमोरी

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
चॅपलच्या मागच्या खोलीत आम्ही सातजण पुस्तक वाचतो.
या वेळी पाद्रीबुवांची ती जुनी भुताची गोष्ट होती,
आमच्याच नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरची, शतक उलटलं लिहून.
प्रिंगल मास्तरांनी चहा ओतायच्या आधीच निकाल दिला:
मूळ ते मूळ. सिनेमा म्हणजे पाणी घातलेलं दूध.
बाकीच्यांनी माना डोलावल्या.
मी बिस्किट बुडवत होते, ते तुटून कपात पडलं.

मी म्हटलं, मला सिनेमाच आवडतो.

गोष्ट वाईट नाही हो.
भरतीत बुडालेली दीपगृहवाल्याची बायको
रात्री दारोदार मीठ मागत फिरते,
हे सुचायला डोकं लागतं.
पण पाद्रीबुवांना गप्प बसवत नाही.
भूत आलं की तीन पानं बोलतं,
तेही व्याकरण सांभाळून.
शेवटी पेटीत पत्र सापडतं,
पत्रात पाप्याचं नाव, पाप्याच्या डोक्यावर वीज,
आणि वाचणाऱ्याला गाढ झोप.
भीतीचा हिशेब पैन् पै चुकता.
शिवाय तिचे केस सोन्याचे, हात मेणाचे.
मीठ मागत फिरणाऱ्या बाईचे हात
मेणाचे कसे असतील?

सिनेमावाले आले ते त्रेसष्टच्या हिवाळ्यात.
दोन ट्रक, एक कॅमेरा, आणि पैसे संपत आलेले.
भूत होणारी लंडनची नटी
तिसऱ्या दिवशी तापाने फणफणली, गाडीत बसून गेली.
मग कुणीतरी मासे धुरवायच्या शेडच्या दारात उभं राहून विचारलं,
थंडीत उभी राहील अशी आहे का कुणी?
सगळ्या हसल्या.
डॉर्कस मावशी हसली नाही.
तिने सुरी पुसली आणि म्हणाली, किती देणार?

दोन पौंड आणि गरम सूप.
सूप आलंच नाही, हे ती मरेपर्यंत सांगायची.

पडद्यावर ती अकरा सेकंदं आहे.
ओहोटीची वाळू, वारा, आणि तिची पाठ.
नटीचा झगा तिला आखूड पडला,
म्हणून खाली तिचे स्वतःचे रबरी बूट दिसतात,
नीट पाहिलं तर.
बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या,
हेरिंग कापणाऱ्या सगळ्याच गुंडाळायच्या, सुरी लागू नये म्हणून.
त्या सोडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही
की दिग्दर्शकच राहू दे म्हणाला, देव जाणे.
ती बोलत नाही. सूड नाही, पत्र नाही.
आता वळेल असं वाटतं.
वळत नाही.

बेरिकच्या थिएटरात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
शेजारचा धिप्पाड खलाशी
खुर्चीचा हात समजून माझा हात धरून बसला होता.
आणि मला, ती माझी मावशी आहे,
तिच्या स्वयंपाकघरात आत्ता माझे मोजे वाळतायत,
हे माहीत असूनही
मानेपासून टाचेपर्यंत काटा आला.

प्रिंगल मास्तर म्हणाले, हा काही साहित्यिक मुद्दा नव्हे.
नसेल.
पण आमच्याकडे मावशीचा धड एक फोटो नाही.
एक आहे लग्नातला, त्यात ती कुणाच्यातरी टोपीमागे.
सत्त्याऐंशी साली गेली, झोपेत,
भूतबित काही न होता.

झोप नसली की लावते मी तो सिनेमा,
आवाज बंद करून, पुढे ढकलत ढकलत.
वाळू येते. पाठ येते.
आठव्या सेकंदाला ती उजवा खांदा किंचित उचलते.
दोन्ही हात माशांत असताना नाक खाजलं
की अस्साच उचलायची.
हे सांगा गोष्टीत कुठल्या पानावर आहे?

कुणी उत्तर दिलं नाही.
पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरलं, कप विसळले.
निघताना दारात, बाकीचे पुढे गेल्यावर,
मास्तर मफलर गुंडाळता गुंडाळता पुटपुटले,
ते बूट...
कितव्या मिनिटाला म्हणालात?