मार्गात विलंब

कार्ड उघडंच असतं, म्हणून मी वाचतो.
पाप असलंच तर ते खात्याच्या नावे.
हे आलंय मेयोहून, आयर्लंड,
काशिनाथ हिराजी भोईर यांस, घर बांधाच्या खाली.
अक्षर त्यांच्या योजनाचं, तिथल्या इस्पितळात नर्स.
चित्रात एक तळं, काठाला राखाडी गडगा,
दगडावर दगड, मधे चुना नाही.

"बाबा, माझ्या वॉर्डात एक म्हातारा आहे, पॉरिक.
मी भात खाते म्हटल्यावर विचारतो, कुणाच्या शेतातला?
त्याच्या आज्यानं म्हणे कप्तानाच्या घोड्याला
नाल ठोकायला नकार दिला होता.
तुम्ही संपाचं सांगता ना, तसंच काहीसं."
पुढे थंडी, आणि सुक्या जवळ्याची आठवण.

तो कप्तान मला माहीत आहे.
जमीनदाराचा कारभारी, साल अठराशे ऐंशी.
कुळं म्हणाली खंड कमी करा,
त्यानं घर खाली करायच्या नोटिसा धाडल्या.
मग धोबिणीनं कपडे घेतले नाहीत,
दुकानदारानं पाव दिला नाही,
लोहाराचा भाता गप्प,
टपालवाल्यालाही वाटेतच दम मिळाला.
पीक काढायला परगावची पन्नास माणसं आणली,
त्यांना राखायला हजारभर शिपाई;
पाचशे पौंडांचं पीक, दहा हजारांची राखण.

वाळीत टाकणं आपल्याकडे जुनंच,
पण ते नेहमी दुबळ्याला.
वरच्याला टाकलं तर काय म्हणायचं?
जड इंग्रजी शब्द कुळांच्या जिभेवर वळेना,
तेव्हा म्हणे गावच्या पाद्र्यानं कप्तानाचंच नाव पुढे केलं.
माणूस गाव सोडून गेला. नाव क्रियापद होऊन मागे राहिलं.
परवा ग्रामसभेत बाया ओरडल्या,
टँकरवाल्याला बॉयकॉट करा.

इथला संप सहा वर्षं चालला.
खोताच्या शेतात नांगर उतरला नाही.
बांधाला पडलेली खांड कुणी बुजवली नाही,
भरतीचं पाणी आत आलं आणि राहिलं.
भाताच्या जागी जिताडे फिरले.
लोक लाकडं फोडत, चिंबोऱ्या विकत जगले,
आणि काही जगले नाहीत.

माझा आजा जोमा म्हात्रे तेव्हा टपालाचा रनर.
कमरेला सरकारचा पट्टा, घरात संप.
त्यानं खोताचं टपाल अडवलं, असं आमच्यात सांगतात.
खोटं आहे ते.
तो फक्त हळू चालला.
पोयनाडपासून दोन मैल, अकरा दिवस.
वहीत कारण: बांध फुटला.
भरती.
पायात काटा.
पुन्हा भरती.
चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं, महिनाभर भरती कशी?
जोमा म्हणाला, सायेब, दर्या आमच्या खात्यात नाय.

नोकरी गेली. पुढे कायदा झाला, जमीन कुळांची झाली,
जोमाला गुंठाही आला नाही;
कुळ म्हणून नाव धाकट्या भावाचं होतं.
त्या भावाच्या नातवानं मागच्या वर्षी सगळं विकलं,
आता तिथे कंपाउंड, आत हिरवळ,
बाहेर कुत्र्याचं चित्र.

कार्डावर शिक्का मारला.
पिशवीत खाली सतरा रजिस्टर पाकिटं,
एकाच कंपनीची, मुंबईचा पत्ता,
सगळी ह्याच बांधालगतच्या घरांना.
एक काशिनाथ भोईरांनाही.
ती उघडी नसतात.
पण पाकिटाच्या खिडकीतून गट नंबर दिसतो.

सायकलमध्ये हवा आहे. ऊन बेताचं.
काशिनाथ दुपारपर्यंत घरी असतात.
सायकल मी भिंतीला टेकवून ठेवली.
कार्ड वरच्या खिशात घातलं, ते आज पोचेल.
बाकीच्याचं काय,
कालनिर्णय उलटा करून
भरतीची वेळ बघतो आहे.