अर्धी मात्रा

घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून पाहिलं
तर सुईचं टोक टोक राहिलंच नव्हतं.
एका अंगाने झिजलेलं,
डेअरीच्या तिसऱ्या पायरीसारखं, जिथे सगळेच पाय देत.
हिल्या म्हणाली, ऐकू तर येतंय ना?
येत होतं. प्रत्येक ‘स’ मात्र
तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा.

विल्यांदीहून तार्तू, बसने सव्वा तास.
प्रीटने काचेवर तीन कार्ट्रिज मांडल्या,
सराफ अंगठ्या मांडतो तशा.
पहिली नव्वद युरोंची, बोथट टोकाची, दणकट,
कसल्याही तबकडीला माफ करणारी.
दुसरी दोनशे चाळीस. हिरा लंबगोल.
तिसरीचा इतका निमुळता
की खाचेच्या भिंतीत जिथे कधीच काही पोचलं नाही
तिथेही शिरतो म्हणे.
सहाशे दहा. शिवाय आवाज एवढा दबका
की उचलून धरायला आणखी एक डबा हवा.
“तुमचा टोनआर्म जुना, जड,” प्रीट म्हणाला,
“हिला तसलाच मानवतो.”

सहाशे दहा म्हणजे
आख्ख्या हिवाळ्याची बर्चची लाकडं.
किंवा हिल्याची दाढ,
जिच्यासाठी ती वर्षभर डावीकडूनच चावते आहे.
आणि मी सत्त्याहत्तरचा.
डॉक्टरीणबाईंच्या आलेखात माझे कान
आठ हजारांच्या पुढे कड्यावरून खाली पडतात.
हा हिरा पन्नास हजारांपर्यंत चढतो.
उरलेले बेचाळीस हजार कुणासाठी,
मी विचारलं नाही, प्रीटने सांगितलं नाही.
भला माणूस आहे, पण दुकान आहे.

घरी सांगितलं: दोनशे चाळीस.

स्वयंपाकघरातलं टेबल, दुपारचा उजेड.
लाल, हिरवी, निळी, पांढरी,
केसाएवढ्या चार तारा चिमट्याने एकेक.
पन्नास वर्षं लोकांची घड्याळं उघडली,
हात कधी हलला नाही. आज हलला.
दाब दोन ग्रॅम. पाऊण मिलिमीटर पुढे. परत मागे.
बाहेर तळ्यावरचा मार्चमधला बर्फ कुरकुरत होता.

मग ती तबकडी.
शहात्तर साल, डेअरी कामगारांचं गायनमंडळ.
बासमध्ये मी, अल्टोत हिल्या, तिच्या शेजारी माइमू,
जी आता टेकडीवर, चर्चच्या मागे.
तिसऱ्या कडव्याआधी एक शांतता आहे,
आणि त्या शांततेत कुणीतरी
अर्धी मात्रा आधीच घुसतं.
अठ्ठेचाळीस वर्षं मी म्हणतोय, ती तू.
अठ्ठेचाळीस वर्षं ती म्हणते, असेल माइमू.
जुन्या सुईखाली तो नुसता एक गोळा होता,
धूसर, बायकी.

नवी सुई तो सोडवत गेली,
गुंतलेली लोकर सोडवतात तशी.
आधी कुणाचा तरी बूट. मग कागद उलटला.
मग श्वास. खोल, छातीतला, पुरुषाचा.
आणि उजवीकडून, मागच्या रांगेतून, खालचा सूर.
तो आवाज मी रोज दाढी करताना ऐकतो.
त्याच्या मागोमाग, जेमतेम केसभर अंतराने,
एक अल्टो.

हिल्या बटाटे सोलत होती. सुरी थांबली नाही.
“मला तेव्हाच कळलं होतं.”
मग तू का घुसलीस?
“एकटा पडला असतास.
दोघं चुकले की लोकांना वाटतं, तसंच लिहिलंय.”

तबकडी फिरत राहिली. कडवं संपलं,
पुढचंही निम्मं झालं असेल.
सहाशे दहा, मी म्हणालो.
“ठाऊक आहे. पावती कोटाच्या खिशात होती.”

तिने सालं बादलीत टाकली, हात पुसले,
खुर्ची ओढून स्पीकरसमोर येऊन बसली.
“आता दुसरी बाजू लाव.
तिथे मी चुकले आहे.
बघू, सापडतं का तुझ्या हिऱ्याला.”