डोक्यात चरबी

उदगीरच्या डाळमिलीत सोळा वर्षं
तुरीचा भुसा नाकानं चाळला मी.
मग कपाळ ठणकायला लागलं,
वाकलं की भुवयांच्या आत
कुणी वरवंटा गडगडवल्यासारखं.

लातूरच्या डॉक्टरीणबाई फोटो उजेडाला धरून म्हणाल्या,
“दुर्बिणीनं दोनदा साफ केलं, गयाबाई, पुन्हा भरतंय.
आता ही पोकळी बुजवूनच टाकू.”
कशानं?
“तुमच्याच चरबीनं. पोटावरची घेऊ.”

मला हसू फुटलं.
टाके पडायच्या आधीच हसून घेतलं.
हप्ता वाढवून मागितला त्या दिवशी
शेषेराव मुकादम सगळ्यांसमोर म्हणला होता,
“डोक्यात चरबी गेलीय बाईच्या.”

बेंबीखाली दोन बोटं चिरलं.
तीन बाळंतपणं, दोन वेळची भाकर,
तरी निघाली म्हणे वाटीभर,
पॉलिश न केलेल्या डाळीगत पिवळी.

सटवाई जिथं लिहून जाते म्हणतात,
तिथं आत नुसता पू होता.
अक्षर एकही नाही.
मी विचारलंय.

दीड महिन्यानं कामावर गेले,
तोंडाला दुहेरी फडकं,
केसांच्या कडेनं टाक्यांची वाट.
“कसं हाय आता?” शेषेराव.

हाय, म्हटलं. तुमचा शब्द खरा झाला.
गेली डोक्यात.
आता हप्त्याचं बोला.